जळालेल्या घराची घरपट्टी

आग माणसाला मोहातून मोकळं करते, असं मुलुंडच्या डोंगरावरचा वणवा विझल्यावर भरलेल्या सभेत स्थानिक पुढाऱ्यांनी सांगितलं. पायथ्याची घरांची एक ओळ जळाली होती आणि तिथली माणसं नातेवाइकांकडे पांगली होती. आता पालिकेचा महसूल बुडणार, ही हळहळही पुढाऱ्यांनी त्याच सुरात व्यक्त केली.

त्या ओळीतले एक मालवणी काका वाकोल्याला मुलीकडे राहायला गेले होते. पुढच्या आठवड्यात ते जुन्या ओळखीने मला सोबत घेऊन वॉर्ड ऑफिसात घरपट्टी भरायला आले.

"काका, घर कुठाय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"जळला ना."

"मग पट्टी कसली भरताय?"

"घर होता तेव्हा उशीर झालो तरी चालायचा, बाय. आता पावती नसली तर उद्या तुम्हीच विचारणार, म्हाताऱ्या, तू तिकडे राहायचास कशावरून? मग नवी खोली कोण देतलो?"

बाईंनी पैसे घेतले. काकांच्या मागे त्यांचे शेजारीही रांगेत उभे होते.

वर्षअखेरीला त्या ओळीतल्या एकाही घराची पट्टी बाकी नव्हती. थकबाकीची नोटीस आली ती समोरच्या, धक्काही न लागलेल्या आमच्या सोसायटीला.