मल्लूकाकांच्या पाच रिकाम्या जागा

मी आठवीला विज्ञान शिकवते. विहिरीतून आवाज कामून येतो, चकवा म्हणजे काय, अंगात येतं ते काय असतं, असे प्रश्न मुलं रोज विचारतात आणि मी फळ्यावर चित्र काढून त्यांची उत्तरं देते. आजवर एकाही प्रश्नाला "काय माहीत बाबा" असं उत्तर दिलेलं नाही. म्हणून हे लिहायला मला चार महिने लागले... मुलांनी वाचलं तर काय म्हणतील, ही एक भीती होतीच. पण जे झालं ते माझ्याच घरात, भर दुपारी, माझ्याच लॅपटॉपवर झालं. कुणाकडून ऐकलेलं नाही.

मी मुडबीची, बसवकल्याण तालुक्यातली. आमचा समाज धनगर. आजोबांनी मेंढरं राखली, वडील दोन एकर कोरडवाहू करून दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. त्याच्या आधी आमच्या घरात दहावीसुद्धा कुणी नव्हतं. हे सांगते आहे ते मिरवायला नाही, पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध आहे.

अप्पांचे जोडीदार मल्लूकाका. बिरोबाच्या देवळापुढं काका ओवी गायचे आणि अप्पा झील धरायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – गाणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. तेवढ्या जागेत मागचा झीलकरी ओळीचा शेवट उचलतो, लांबवतो, आणि त्याचा श्वास संपला की गाणारा पुढची ओळ घेतो. तीस वर्षं या दोघांचं असंच चाललं. आमच्यात एक नेम आहे. या गाण्याला सुंबरान म्हणतात. ते एकदा मांडलं की अर्धं टाकून उठायचं नसतं. शेवटी देवाच्या नावानं चांगभलं म्हणून ते 'उठवायचं' असतं, आणि ते काम झीलकऱ्याचं.

दीड वर्षापूर्वीच्या जत्रेत ते अर्धं राहिलं. माझ्यामुळं.

शेवटच्या वर्षाचा माझा पेपर होता. मी वेळापत्रक चुकीचं उतरवून घेतलं होतं. पेपर उद्या आहे असं समजून मी देवळापुढं नारळ फोडायच्या रांगेत उभी, आणि मैत्रिणीचा फोन – "अगं, आज दोन वाजता आहे, तू कुठंय?" अकरा वाजून गेले होते. कलबुर्गीची बस निघून गेलेली. मी रडत अप्पांपाशी गेले. ते गाण्यात होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि घोंगडी खांद्यावर टाकून सरळ उठले. मल्लूकाका गाणं न थांबवता हातानेच म्हणाले, जा.

अप्पांनी कुणाची तरी मोटारसायकल मागून घेतली आणि मला कलबुर्गीला पोचवलं. पेपर होईपर्यंत ते कॉलेजबाहेर लिंबाखाली बसून राहिले. दिवस मावळता मावळता आम्ही परत आलो तेव्हा गावात जत्रेचा आवाज नव्हता. मल्लूकाका देवळाच्या कट्ट्यावर बसल्या जागी गेले होते.

अप्पा त्या दिवशी मला काही बोलले नाहीत, नंतरही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. घोंगडी खुंटीला गेली ती तिथंच. देवळाकडची वाट त्यांनी सोडली. मी पास झाले, शाळेत लागले, पेढे वाटले. अप्पांनी पेढा खाल्ला, "चांगलं झालं माय," म्हणाले. पण पेपर कसा गेला होता, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. आणि मीही त्यांची माफी मागितली नाही.

आता व्हिडिओचं. माझ्या वर्गातली मुलं हिरोंचे फॅन व्हिडिओ बनवतात – स्लो मोशन, मागं गाणं, मधे वीज चमकते. मला वाटलं, मी कुणाची फॅन असेन तर मल्लूकाकांची. पुढच्या जत्रेत पडद्यावर काकांचा व्हिडिओ लावू. अप्पा बघतील... कदाचित त्यांच्या मनातलं काहीतरी मोकळं होईल. लॅपटॉप कॉलेजातला जुना, सॉफ्टवेअर फुकटातलं. शिकवायला शबाना. ती माझी शाळेतली मैत्रीण, बसवकल्याणला एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं काम करते.

पहिला व्हिडिओ मी तिला कौतुकाने दाखवला. काका स्लो मोशनमध्ये चालत येतात आणि मागे ज्वाळा. शबाना हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

"अगे रेणुका, काका के पटक्याला आग लगा दी गे तू!"

"तूच म्हणालीस इफेक्ट टाक म्हणून."

"इफेक्ट बोली, अंत्यविधी नको बोली!"

मग तीच "सॉरी गे," म्हणाली. तिने सगळं पुसून टाकलं आणि शिकवलं – साधं ठेव. चांगली क्लिप घे, जिथं काही घडत नाही तो भाग काप. रिकामी जागा आली की बघणारा बोटाने पुढे सरकवतो.

माझ्याकडं सगळ्यात चांगली क्लिप होती ती त्या शेवटच्या दिवसाची. काकांच्या पुतण्याने मोबाईलवर काढलेली, चार मिनिटं बारा सेकंद. सुरुवातीला दोघं आहेत. मग पडद्याच्या कडेला मी रडत येते, अप्पा उठून जातात. त्यापुढं काका एकटेच. पण सवयीने ते प्रत्येक ओळीनंतर थांबतात, कानावर हात ठेवून. झील येत नाही. तरी थांबतात, आणि मग पुढची ओळ घेतात. असं पाच वेळा. शेवटी कुणीतरी विचारतं, उठवायचं का, आणि काका म्हणतात, "बास. धोंड्या येऊ द्या, मग उठवू." धोंडिबा हे अप्पांचं नाव. क्लिप तिथं संपते.

त्या पाच रिकाम्या जागा मी कापल्या. प्रत्येक साधारण सहा सेकंदांची. झीलकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या मुलीने झीलेच्याच जागा काढून टाकल्या – आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र छान वाटलं होतं, गाणं कसं सलग झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर जागा परत आलेल्या.

सेव्ह करायला विसरले असेन. पुन्हा कापल्या, सेव्ह केल्या. पुन्हा आल्या. मला लहानपणापासून सगळं वहीत लिहायची सवय आहे, म्हणून तिसऱ्या वेळी शबानाकडं जाऊन, तिच्याच हाताने कापून घेतलं, आणि वहीत लिहिलं – लांबी ३:४२. चार बारामधून तीस सेकंद गेले, हिशेब बरोबर. शबानाने सेव्ह केलं, लॅपटॉप माझ्या पिशवीत घातला.

घरी येऊन उघडला. जागा होत्या. लांबी ४:२७.

म्हणजे मूळ क्लिपपेक्षाही पंधरा सेकंद जास्त. मी एकेक जागा मोजली. सहाचे नऊ सेकंद झाले होते, पाचही जागांचे.

त्या वाढीव तीन सेकंदांत काय आहे ते मी पुढे-मागे करून पाहिलं. चित्र गोठलेलं नव्हतं, संथही झालेलं नव्हतं. काका कानावरचा हात थोडा खाली घेतात. उजवीकडं, ज्या वाटेने अप्पा गेले तिकडं बघतात. एकदा पापणी लवते. मग हात पुन्हा कानावर. मोबाईलमधली मूळ क्लिप मी दहा वेळा लावली. त्यात काका उजवीकडं बघतच नाहीत.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप तसाच शबानाकडं नेला. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. माझा मोबाईल शेजारी ठेवून मूळ क्लिपही पाहिली. मग झाकण लावून लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

"ये मैं हात नको लगाती गे. ये तुझ्या घरचं आहे, घरीच घेऊन जा."

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी दोनचा सुमार, बाहेर रणरणतं ऊन. मी जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसलेली, शेजारी माझी आई – आम्ही तिला अव्वा म्हणतो – शेंगा फोडत होती. आवाज मोठा करून, मोबाईलवर सेकंदांचं घड्याळ लावून मी पुन्हा मोजणार होते. शेवटचं मोजून पाहू आणि मग हे सगळं डिलीट करू, असं ठरवलं होतं.

अप्पांना या व्हिडिओचं माहीत होतं. एकदा आवाज ऐकून म्हणाले होते, "मेलेल्या माणसाला कामून नाचवायलीस?" आणि मागच्या दाराने निघून गेले होते. तेव्हापासून ते घरात असताना मी लॅपटॉप उघडत नसे. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत शेतात असणार होते. पण क्लिप चालू असतानाच दारात सावली पडली. डोक्यावर कडब्याची पेंढी, अप्पा उभे.

माझा हात पटकन बटणावर गेला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "कामून बंद करायलीस?"

पेंढी त्यांनी दारातच खाली टाकली. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच बसले. पडद्यावर काकांनी ओळ संपवली, कानावर हात ठेवला. पहिली रिकामी जागा. अप्पांचे ओठ हलले, आवाज आला नाही. काकांनी उजवीकडं पाहिलं, मग दुसरी ओळ घेतली.

दुसऱ्या जागेत अप्पांनी झील धरली.

सव्वा वर्ष न वापरलेला आवाज. खरखरीत, मधे तुटणारा. पूर्वी ते जे एका दमात म्हणायचे त्यासाठी आता त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. माझ्या हातातल्या मोबाईलवर सेकंद चालू होते. अप्पांचा श्वास संपला आणि त्याच क्षणी, जरासुद्धा मागे-पुढे न होता, काकांनी तिसरी ओळ उचलली. नऊ सेकंद. पुढच्या जागेत नऊ. त्याच्या पुढच्या दोन्हींत नऊ. आजच्या, थकलेल्या अप्पांना जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच काका थांबत होते. सहा सेकंदांत अप्पांची झील अर्धीच राहिली असती.

अव्वाच्या हातातली शेंग तशीच होती.

मग पडद्यावर काका म्हणाले, "बास. धोंड्या येऊ द्या, मग उठवू."

"आलो की रं, मल्ल्या," अप्पा म्हणाले. "हितंच हाय."

आणि उंबऱ्यावर बसल्या बसल्या, दोन्ही हात जोडून, त्यांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हटलं. सुंबरान उठलं.

पटक्याने तोंड पुसून अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"रेणे, पेपर कसा गेलता तुला, त्या दिशी?"

मला रडू आवरेना. "चांगला गेलता, अप्पा."

"व्हय ना?"

"व्हय."

"मग बास. मल्ल्यानंच धाडलंतं मला. जा म्हनला हातानं, बघितली न्हाईस का तू?"

मी म्हणाले, "अप्पा, माझ्यामुळं..."

"याडी का काय," ते म्हणाले, आणि पेंढी उचलून गोठ्याकडं गेले.

सोमवारी मी फाईल उघडली. लांबी ३:४२. शबानाने जिथं कापलं होतं तिथंच कापलेलं, एकही रिकामी जागा नाही. एक्स्पोर्ट केलं, तेही ३:४२. चार महिन्यांत कितीतरी वेळा उघडून पाहिलं, काहीच परत आलेलं नाही. ते नऊ सेकंदांचं रूप मी वेगळं साठवून ठेवायला हवं होतं. नवशिकी होते, सुचलं नाही.

सॉफ्टवेअर जाणणाऱ्या एक-दोघांना मी विचारलं. एक म्हणाला जुनी फाईल उघडली असशील, दुसरा म्हणाला क्लिपचा वेग बदलला असेल. जुन्या फाईलमध्ये सहा सेकंद असायला हवेत, नऊ नाही. आणि वेग कमी केल्याने माणूस मान वळवून बघत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी मनापासून विचारते आहे. मला स्वतःला अजून उत्तर मिळालेलं नाही.

जत्रेसाठी मी व्हिडिओ नव्याने केला. पाचही जागा हाताने परत घातल्या. तीन-तीन सेकंद कमी पडत होते, तिथं काकांचं स्थिर चित्र ठेवलं. त्यात ते उजवीकडं बघत नाहीत, पापणीही लवत नाही. शबाना म्हणाली, बघणारे कंटाळतील. म्हटलं, कंटाळू देत.

अप्पांची घोंगडी आता खुंटीवर नाही. मंगळवारी ते देवळात जातात, एका तरुण पोराला ओवी शिकवायलेत. माझ्या वहीच्या त्या पानावर एकाखाली एक दोन आकडे आहेत, ३:४२ आणि ४:२७. अक्षर माझंच आहे. वर्गात मुलांनी काही अवघड विचारलं की मला ते पान आठवतं. आता एखाद्या प्रश्नाला मी म्हणते, "हे मला माहीत नाही." मुलं चकित होऊन बघतात.