हिरवा म्हणजे पास नव्हे

पडद्यावर माझ्या उजव्या पायाची हाडं होती आणि अंगठ्याच्या सांध्याभोवती हिरवे ठिपके. ते बघून माझं अवसानच गळालं. झालं, म्हटलं, पाय पास!

शिरोलीच्या एका फौंड्रीत मी कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, तपासतो. चांगल्या मालाला हिरवा रंग, नापासाला लाल. हिरवं दिसलं की माझ्या लेखी विषय संपला. आता माझ्या दुखण्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, या विचारानं डोळ्यांत पाणी आलं.

"हिरवे दिसतायत ते युरिक ॲसिडचे क्रिस्टल्स," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला गाऊट आहे, सांध्यांचा आजार."

आजार निघाला म्हणून इतकं हायसं वाटलेला माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका सकाळी हा अंगठा लालबुंद सुजला. बायकोनं, सुमननं, मायेनं पायावर चादर घातली आणि मी गुरासारखा ओरडलो. आठ दिवसांनी दुखणं गायब. काही महिन्यांनी पुन्हा हजर. एक्स-रे नॉर्मल, रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल.

असा रिपोर्ट आला की माणूस नाटकी ठरतो. कंपनीत सोबती म्हणायचे, "ऑडिट आलं की तुझा अंगठा बरा सुजतोय की रं!" त्याचं काही नाही. पण सुमन विचारायची, "खरंच दुखतंय व्हय?" तो 'खरंच' अंगठ्यापेक्षा जास्त ठणकायचा.

मग मी सांगणंच सोडलं. घरामागच्या परड्यात गार पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचो, तिची चाहूल लागली की काढून घ्यायचो. भरल्या घरात मी एकटा पडलो होतो. अशी दहाएक वर्षं गेली.

शेवटी सांध्यांच्या एका डॉक्टरांनी सुई घालून सांध्यातलं पाणी काढून बघितलं. हाती काही लागलं नाही. तेव्हा त्यांनी ड्युअल एनर्जी सीटीसाठी पुण्याला पाठवलं. यात दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण वापरतात. त्यामुळे युरिक ॲसिडचे क्रिस्टल्स, म्हणजे सुईसारखे टोकदार कण, हाडापासून वेगळे ओळखता येतात आणि कॉम्प्युटर त्यांना वेगळा रंग देतो.

"रिपोर्ट काय येणार ते ठाऊक हाय की," म्हणून सुमन आली नाही. स्कॅन दहा मिनिटांचा, ताटकळणं तीन तासांचं. प्रत्येकाशेजारी कुणीतरी होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझीच फाईल.

पडद्यावर हिरवे ठिपके दाखवताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. दुखणं ओसरल्यावर पुन्हा तपासायला हवं. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही खोटे ठरत नाही.

घरी आल्यावर सुमनच्या हातात स्कॅनचा फोटो दिला. तिनं तो उजेडात धरला.

"हिरवं हाय की. मग पास न्हवं?"

"न्हाय. ते हिरवं हाय न्हवं, त्येच दुखणं."

फोटो पाकिटात घालून तिनं कपाटात आपल्या साड्यांखाली ठेवला.

औषधं सुरू झाली. सुरुवातीच्या महिन्यांत दुखणं अधूनमधून उसळतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. एका दुपारी अंगठा पेटला. या वेळी मी परड्यात गेलो नाही, पलंगावरच पडून राहिलो. सुमन आली. पायावरची चादर तिनं अलगद उचलून बाजूला केली आणि पायाशी बसली.

"लई दुखतंय व्हय?"

'खरंच' नव्हतं त्यात. मी "व्हय" म्हणालो आणि रडलो.