स्क्रीन ब्लँक दिसता कामा नये

दीक्षाला कंपनीत कुणी दीक्षा म्हणायचंच नाही. "ओ कॉम्प्युटर!" अशी हाक यायची आणि ती मान वळवायची. निघोज्यातल्या त्या पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये आयटी डिपार्टमेंट म्हणजे ती एकटी. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा कॉम्प्युटरला. गेटवरचं अंगठ्याचं मशीन हजेरी घेईना, बोलवा. सोपानरावांच्या मोबाइलमध्ये नातवाचे फोटो मावेनात, तरी हीच.

बीएस्सी झाली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, आता पोरगी हिंजवडीला काचेच्या बिल्डिंगमध्ये बसणार. पार त्याच्या पुढच्या माण गावापर्यंत इंटरव्ह्यू देऊन आली, कुणी परत फोनसुद्धा केला नाही. शेवटी निगडीच्या ओटास्कीममधल्या घरातून निघायचं, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये कुजायचं, फेसाळलेल्या इंद्रायणीचा पूल ओलांडायचा आणि या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसायचं, हे तिच्या नशिबी आलं. तिची केबिन वरच्या मजल्यावर. खिडकीतून खालचं अख्खं शॉप दिसायचं. प्रेस चालू असले की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं. धाड. धाड. धाड. दिवसभर.

खाली मात्र ती शक्यतो जायचीच नाही. तिचे पप्पा, साहेबराव, भोसरीत प्रेसवर होते आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसनं घेतली. ती तेव्हा शाळेत. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण सकाळी शर्टाची बटणं आई लावून द्यायची आणि ते भिंतीकडं बघत उभे राहायचे, हे तिनं रोज पाहिलं होतं. त्यामुळं प्रेसच्या जवळ जायचीच तिला भीती वाटायची. कुणाला सांगायची नाही. सांगून काय, हसले असते.

तर त्या शॉपमध्ये प्रत्येक प्रेसवर एक स्क्रीन टांगलेली. कागद पूर्ण बंद केलेले. कुठला पार्ट लावायचाय तो नंबर टाकला की स्क्रीनवर त्याची शीट येणार, फोटोसकट. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, कशी बसवायची, पुढं जाळीचं गार्ड लावायचं का नाही, मशीन पायडलनं मारायचं का दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून, सगळं त्यात. आणि नियम एकच, स्क्रीन सांगेल ते. डाय बसवणाऱ्या सेटरनं स्वतःचं डोकं लावलं की सोपानराव त्याला सगळ्यांसमोर झापायचे. "तुझ्या आज्ज्यानं लावली हुती का डाय? वर बघ, काय लिवलंय ते कर!"

सोपानराव म्हणजे प्रॉडक्शनचे साहेब. गावातलेच, कंपनी आली तेव्हापासूनचे.

ह्या सगळ्या शीट एका बाहेरच्या हार्डडिस्कवर होत्या आणि ती डिस्क सर्व्हरला जोडलेली. सर्व्हर कसला, दीक्षाच्या टेबलाखालचा एक जुना कॉम्प्युटर.

खंडेनवमीला सगळ्या प्रेसना झेंडूचे हार घातले, कोहळे फोडले, प्रत्येक मशीनवर कुंकवाचं बोट. मग सोपानराव ताट घेऊन थेट वर आले.

"अगं पोरी, ही पन मशीनच हाय न्हवं? वरीसभर राबती, तिला कुकू नगं?"

"सोपानकाका, पाणी नका शिंपडू हां! प्लीज!"

"अगं पाण्यानं काय हुतंय? मी सोता रोज अंघूळ करतो, बंद पडलो का?"

दीक्षानं घाबरून सर्व्हर बंद केला, हार्डडिस्क काढली आणि कॅरीबॅगेत गुंडाळून कपाटात ठेवली. फुलं पडली, हळद पडली. सोपानरावांना आरती लावायची होती, तर त्यांनी आपला पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला खुपसला, तिला तो परत चालू करायला लावला, आणि स्पीकरवरून आरती अख्ख्या शॉपमध्ये घुमली. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी दीक्षानं हार्डडिस्क परत जोडली, तिचा निळा दिवा लागला, झालं. पेनड्राइव्ह तसाच राहिला. झेंडूच्या पाकळ्यांखाली कुणाला दिसणार तो?

थोड्या वेळानं इंटरकॉम वाजला. खाली गणराज होता, डाय सेटर. नवीनच, आधी दुसरीकडं होता.

"ताई, चार नंबरला फोटो येत नाही ओ. नवीन पार्ट आहे, नुसतं पांढरं दिसतंय."

"बाकीच्यांना येतायत ना?"

"बाकी सगळं ओके."

दीक्षानं आपल्या कॉम्प्युटरवर तोच पार्ट उघडला. फोटो टक्क दिसत होता. आता हे म्हणजे डोकंफिरू काम, माझ्याकडं दिसतंय आणि तुझ्याकडं नाही. मग तिच्या लक्षात आलं, आपण हा फोटो मागच्या आठवड्यात बघितलेला, ब्राउझरनं तो साठवून ठेवला असणार. तिनं ते सगळं साफ केलं आणि परत उघडलं. गायब. तिच्याकडंही पांढरं.

म्हणजे फाइल नाही? तिनं हार्डडिस्क उघडून बघितली. फाइल तिथंच होती, ठणठणीत. नाव तेच, फोल्डर तेच. फाइल समोर दिसतेय आणि ॲप म्हणतंय फाइल नाही. एखादा माणूस घरात बसलेला असावा आणि दारावरच्या पोस्टमननं म्हणावं, इथं असा कुणी राहतच नाही. तिनं सर्व्हर रीस्टार्ट केला. तेच. परमिशन बघितल्या. त्या पण बरोबर. खालून गणराजचा परत फोन, "ताई झालं का? सोपानराव बोंबलतायत," आणि मागनं सोपानरावांचा आवाज, "चारला ऱ्हाऊ दे, सहाला लाव दुसरी डाय, ट्रक उभाय!"

मग तिनं लॉग उघडला, ॲप नक्की कुठं जाऊन शोधतंय ते बघायला. ॲप ई ड्राइव्हवर शोधत होतं. बरोबर आहे, हार्डडिस्क ईलाच असते. तिनं ई उघडला.

आत आरत्या होत्या. गणपतीची, देवीची, दोन भजनं आणि नातवाचे फोटो.

आधी तिला हसूच फुटलं. डिस्क कपाटात असताना पेनड्राइव्ह येऊन तिच्या जागेवर बसला, आणि नंतर आलेल्या डिस्कला कॉम्प्युटरनं एफ हे पुढचं अक्षर देऊन टाकलं. घर बदललं आणि ॲपला कुणी सांगितलंच नाही. ते बिचारं जुन्या पत्त्यावर जाऊन आरत्यांमध्ये डाय शोधत बसलेलं. सोपानकाकांना सांगते आता, म्हणत तिनं इंटरकॉमला हात घातला.

आणि हात तिथंच थांबला.

चार नंबरला फोटो नाही, हे ठीक. पण एकही शीट सापडत नसेल तर बाकीच्या स्क्रीनवर फोटो येतायत कुठनं?

 ॲप चिंचवडच्या एका पोरानं बनवलेलं, तो कधीच सोडून गेलेला. तिनं त्याचा कोड उघडला. हा भाग तिनं कधी वाचलाच नव्हता, कधी बिघडलाच नव्हता ना! तिथं चार ओळी होत्या. दिलेल्या पाथवर, म्हणजे पत्त्यावर, फाइल नाही मिळाली तर कॉम्प्युटरमधल्याच 'जुने' नावाच्या फोल्डरमधली दाखव. आणि वर त्या पोराची टीप, ऑडिटला स्क्रीन ब्लँक दिसता कामा नये, सोपानराव सरांनी सांगितलंय.

तिनं 'जुने' उघडलं. सगळ्या शीट पहिल्या, कंपनी कागदावरून स्क्रीनवर आली तेव्हाच्या. चार नंबरचा पार्ट नवा, म्हणून त्याची जुनी शीट नव्हती, म्हणून तेवढाच पांढरा. पांढरी पडली ती एकच स्क्रीन खरं बोलत होती. बाकी सगळ्या स्क्रीन सकाळपासून खोटं बोलत होत्या, आणि खाली सगळं ओके होतं.

सहा नंबर. आत्ताच सोपानराव म्हणाले, सहाला दुसरी डाय लाव. तिनं दोन्ही शीट शेजारीशेजारी ठेवल्या. जुनीत पार्ट मोठा, हात बाहेरच राहायचा. गार्ड नाही. पायडल. पार्ट नंतर बदलला, हाताएवढा झाला, आत हात घालूनच ठेवावा लागतो. नव्या शीटवर लाल अक्षरात, गार्ड लावा, दोन्ही बटणं.

तिनं इंटरकॉम फिरवला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. मोबाइल तर साहेबांपासून सगळ्यांचे गेटवर जमा करतात, म्हणजे तेही नाही. ग्लासातलं पाणी थरथरत होतं. धाड. धाड.

दीक्षा पळाली. थेट शॉपमध्ये उतरणाऱ्या, ती एरवी टाळायची त्या लोखंडी जिन्यावरून, ओढणी रेलिंगला अडकली ती तिथंच टाकून. फरशीवर परवाच्या कोहळ्याचा कुंकू लागलेला गर तसाच पडलेला, पाय घसरला, सावरला. सहा नंबरवर कस्तुरा होती, लातूरकडची, सगळ्यात फास्ट हात म्हणून नाव असलेली. जाळी नव्हती. कस्तुरा डाव्या हातानं पार्ट आत ठेवत होती आणि पाय पायडलवर ताल धरल्यासारखा. दीक्षानं लाल बटणावर तळहात हाणला.

प्रेस थांबला.

"कामून बंद केलं माय?" कस्तुरा चिडली. "लई मस्त चालू व्हतं! आन तू कवापासून प्रेसवर आलीस गं, कॉम्प्युटर?"

"मावशी, गार्ड कुठाय?"

"मला काय ठाव? मी इचारलं याला, आज गार्ड न्हाई व्हय? तर म्हनला स्क्रीनवर न्हाई."

गणराज स्क्रीनकडं बोट दाखवत उभा. "ताई, हे काय, लिहिलंय ना. मी माझ्या मनानं काही नाही केलं."

"जुनी शीट आहे ती, गणराज. पहिली."

गणराजनं एकदा स्क्रीन बघितली, एकदा उघडा प्रेस, आणि खाली बसलाच.  कस्तुरानं हातमोजा काढला आणि आपला हात उलटसुलट करून बघितला, जणू दुकानातनं घेतलाय.

तोवर सोपानराव आले. "लाइन कुनी थांबवली? ट्रकवाला शिव्या घालतुया!"

दीक्षानं सांगितलं. धापा टाकत, अर्धं रडत.  सोपानरावांनी गणराजला गार्ड लावायला सांगितलं आणि ते दीक्षाला घेऊन वर आले. तिनं पेनड्राइव्ह काढला, डिस्कला तिचा ई परत दिला. एवढंच काम. खाली सहा नंबरच्या स्क्रीनवर नवी शीट आली, चार नंबरचा फोटो आला, सकाळपासून पहिल्यांदा सगळं खरं दिसायला लागलं.

"झालं न्हवं?" सोपानराव म्हणाले. "मग आता ह्यो विषय हितंच. शेटना कळाया नगं."

"काका, ते जुनं फोल्डर मी उडवते."

"काय नगं! उद्या परत काय झालं तर स्क्रीन पांढऱ्या पडतील. बाहेरची मानसं येत्यात बघाया."

"पडू दे ना पांढऱ्या! पांढरी दिसली तर मशीन थांबेल. आज काय झालं असतं, माहितीय?"

"ये, आवाज खाली."

तिनं आवाज खाली केला नाही. वर न बघता फोल्डर निवडलं आणि डिलीट दाबलं. सोपानरावांचा हात अर्ध्यात आला तोवर झालं होतं.

"लई शानी झालीस," ते म्हणाले. मग दोघंही काचेतून खाली बघत राहिले. लाइन परत सुरू झालेली. सहा नंबरची शीट तशीच, चार नंबरची तशीच. स्क्रीन थोड्या थोड्या वेळानं आपोआप नव्या होतात, तशा एकेक होत होत्या.

लांबच्या भिंतीजवळची एक स्क्रीन पांढरी पडली.

मग तिच्या पलीकडची. मग कोपऱ्यातली.

"आता काय केलंस?" सोपानराव ओरडले.

"मी काही नाही केलं." तिनं घाईघाईनं डिस्क उघडून बघितली. "पाथ बरोबर आहे. ह्यांच्या नव्या शीट डिस्कवर नाहीतच. कुणी टाकल्याच नव्हत्या, काका. कधीच."

म्हणजे खंडेनवमीच्याही आधीपासून. पेनड्राइव्हच्या आधीपासून. ती इथं लागायच्याही आधीपासून कदाचित, ते तीन प्रेस जुन्या शीटवर चालले होते, आणि स्क्रीन कधी पांढरी पडली नाही म्हणून कुणी विचारलं नाही. आणि आताही खाली कुणी मान वर केली नव्हती. डाय एकदा लागली की स्क्रीनकडं बघतो कोण? तीन पांढऱ्या स्क्रीनखाली तीन प्रेस चालू होते. धाड. धाड. धाड.

तिनं काचेवर मुठी आपटल्या. ऐकतंय कोण.

सोपानराव जिन्याकडं पळाले. ह्या माणसाला कंपनीत कुणी पळताना बघितलेलं नाही. दीक्षा जिन्याकडं गेली नाही, ती कॉरिडॉरच्या टोकाला गेली, जिथं अख्ख्या शॉपचं मेन पॅनेल आहे, आणि दोन्ही हातांनी हँडल खाली ओढलं.

शेड अंधारलं. आवाज गेला. प्रेसची जड चाकं तेवढी फिरत राहिली, हळूहळू, घरघरत.

"कोन मेलं लाइट घालवली?" भिंतीकडून एक बाई ओरडली. तिच्या पलीकडून दुसरी, "अवं साहेब, माझा पत्रा अडकला!"

कोपऱ्यातल्या तिसऱ्या प्रेसवरून काहीच आवाज आला नाही.

दीक्षा खाली आली तेव्हा सोपानराव त्या कोपऱ्यात पोचले होते आणि दोन पावलं अलीकडंच थांबले होते. तिथं तानुबाई होती, तिथली सगळ्यात जुनी ऑपरेटर. जाळी नव्हती. तिचा हात मनगटापर्यंत आत होता, आणि वरचा लोखंडी ठोकळा लाइट जाताच उतरता उतरता मधेच थांबलेला, बोटांच्या इतका जवळ की मधे अंधारसुद्धा दिसत नव्हता. हललं की तो खाली येईल म्हणून ती हलत नव्हती.

"सोपान," ती हळूच म्हणाली, "काढू का हात?"