गळ्यातला मीटर

गल्लीत त्याला सगळे छत्रीवाला म्हणत. पावसाची नव्हे, टीव्हीची छत्री. गच्च्यांवर डिश बसवण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्याचं सगळं कसब कानात होतं. सिग्नलचा मीटर गळ्यात अडकवायचा, दोन्ही हातांनी डिश केसभर केसभर सरकवायची. सिग्नल वाढला की मीटरची शिट्टी चढत जाते. कान त्या शिट्टीकडे, डोळे पायांखाली.

गेल्या वर्षापासून ती शिट्टी त्याला ऐकू येईनाशी झाली होती. कुणाला सांगितलं नाही. दुकान मेहुण्याचं. त्याला कळलं तर तो शिडीला हात लावू देणार नाही, आणि खाली बसलेल्या छत्रीवाल्याला कोण विचारतं? बायकोला संशय होताच. "अहो, कधीची हाका मारतेय. कानात बोळे घातलेत, की माझाच आवाज नकोसा झालाय?" तो हसून वेळ मारून नेई. बायकांना एवढं हसणं पुरतं, असा पुरुषांचा समज असतो.

मग त्यानं मीटरवरच्या आकड्यांवर काम धकवायला सुरुवात केली. पण भर उन्हात काच नुसती चकाकते. आकडा दिसायचा तर उन्हाकडे पाठ करून तिच्यावर स्वतःचीच सावली धरावी लागते.

त्या दुपारी मेहुणा विसरलेला पाना द्यायला गच्चीवर आला. छत्रीवाला सावली शोधत, एका हातानं डिश धरून तिला वळसा घालत मागे सरत होता. नजर काचेवर. मागे कठडा नव्हता.

"दाजी, थांबा. दाजी!"

दाजी आणखी एक पाऊल मागे गेले. मेहुण्यानं धावत जाऊन मीटरचा पट्टाच धरला आणि हिसका दिला. दोघंही आतल्या बाजूला आपटले. मीटर मधे पडून कानठळ्या बसवत होता.

"हा आवाज येतोय का तुम्हाला?"

तो मेहुण्याच्या ओठांकडे बघत राहिला. "कसला?"

मेहुण्यानं मीटर त्याच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि डिशकडे वळला. "उद्यापासून वर यायचं नाही," तो पाठमोराच म्हणाला.

"काय म्हणालास?"

मेहुण्याला ते पुन्हा सांगवलं नाही. त्यानं डिश हलवली, शिट्टी चढली.

छत्रीवाल्यानं मोकळ्या मानेवरून हात फिरवला आणि पाने पिशवीत भरायला घेतले.