सर्वानुमते मंजूर झालेलं पाप

त्या दुष्काळात गावची जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध सोसायटीत दूध उरलं नाही. चेअरमन मात्र उरले. रिकाम्या वेळात त्यांनी आमची ख्रिस्ती मंडळी हाती घेतली. वीसेक घरं, पत्र्याचं एक चर्च आणि महिन्यातून एकदा नेकनूरहून एसटीने येणारे पाळकसाहेब, एवढाच आमचा पसारा. एका उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, की आत्मिक वाढ एकट्याने होत नाही. आपल्याला प्रश्न विचारायचा हक्क असलेला एक तरी भाऊ हवा. एवढं सांगून ते पाचच्या गाडीने गेले. अंमलबजावणी चेअरमनकडे राहिली आणि त्यांनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या.

चेअरमनना सभा एकाच पद्धतीने चालवता येत असे. रविवारी उपासना संपली की जोड्या उभ्या राहायच्या. एकाने कबुली मांडायची, जोडीदाराने अनुमोदन द्यायचं, बाकीच्यांनी हात वर करायचे. इतिवृत्त लिहायला मी, शाळामास्तर. 'प्रार्थनेत मन लागत नाही, हे पाप सर्वानुमते मंजूर,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. पापंही सभेला शोभतील अशीच यायची. बायकोवर हात उचलणाऱ्या एकाने 'संयमाचा अभाव' मांडला, त्याला टाळ्या पडल्या. स्वतः चेअरमन दर रविवारी 'अतिनम्रता' कबूल करत. विरोध करायची कोणाची छाती नव्हती.

मला हे हास्यास्पद वाटे, आणि तसं वाटतं याचा अभिमानही होता. तो मी कधी सभेपुढे मांडला नाही.

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परतली, जोड्या नव्याने लागल्या आणि माझ्या वाट्याला एक तोडकरी आला. बोलणं बेताचं. पहिल्याच रविवारी, सभेआधी, चर्चच्या ओट्यावर त्याने विचारलं, "मास्तर, हौदाची चावी तुमच्याकडंच असती ना?"

टँकर चर्चमागच्या हौदात पाणी ओतायचा. सकाळी सातला मी कुलूप उघडायचो आणि घरटी दोन घागरी मिळायच्या.

"असते."

"मग सात वाजायच्या आदीच हौदाचा काठ वला कावून असतो?"

मी बाष्पीभवनाबद्दल काही बोललो. त्याने ऐकून घेतलं.

"ती वाफ तुमच्या दारापत्तुर सांडत जाती. रांगंतल्या शेवटच्या म्हातारीला रोज रिती घागर न्यावी लागती."

"हे तू सभेत सांगणार?"

"म्या कशाला? तुमी सांगा."

"नाही सांगितलं तर?"

"पुढल्या रविवारी पुन्ना इचारीन. जोडीदार हाय ना."

गावात माझ्याकडे मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे लोकांचा विश्वास. ती जाणार हे दिसत होतं. सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या हातून स्वार्थ घडला."

चेअरमन खूश झाले. "छान. अनुमोदन?"

तोडकरी बसूनच राहिला. "सोर्थ न्हाई. रोजच्या दोन घागरी."

"अहो, दोन्ही एकच."

"एकच असंल तर म्हातारीला सोर्थ डोक्यावर घिऊन जाऊ द्या, चेअरमनसाब."

मग मी सगळं सांगितलं: माझ्या वाट्याशिवाय दोन घागरी, टँकर सुरू झाल्यापासून, रोज. हात एकही वर गेला नाही. हा विषय इतिवृत्तात घेऊ नये, असं चेअरमननी सुचवलं. मी चावी टेबलावर ठेवली. लोकांनी ती तोडकऱ्याकडे दिली.

"आता तुमी मला इचारायचं," तो म्हणाला.

त्या आठवड्यात हौद पाहायला मी जेवढ्या लवकर उठलो तेवढ्या लवकर प्रार्थनेसाठी कधी उठलो नव्हतो. चौथ्या दिवशी काठ ओला दिसला. रविवारी, सभेआधी, मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"एक घागर काढली," तो म्हणाला. "म्हातारीला ताप हाय, रांगंत उभं ऱ्हाता येत न्हाई. तिच्या दारात ठिवली. जाऊन बगा."

मी खरंच जाऊन पाहिलं. म्हातारीने होय म्हटलं. परत येताना मला वाईट वाटत होतं, ते तो सापडला नाही याचं. सभेत याला एखादं भारदस्त नाव मिळालं असतं. म्हणून मी सभेची वाट न पाहता ते ओट्यावर त्यालाच सांगितलं.