सुगतचा भटारखाना

राणीसावरगावात सुगतच्या हातच्या खिरीचं कौतुक सुरू झालं आणि बबिताची झोप उडाली. सुगतला खीर येत नाही, हे गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

लग्न झालं तेव्हा हा माणूस चहा करायला उठला की साखर कुठं आहे म्हणून विचारायचा. परभणीला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायचा. बोलायला गोड, आणि हिंदी तर अशी सफाईदार की लग्नकार्यात माइक त्याच्याच हातात. त्या हिंदीनंच घात केला. थायलंडला कॉम्प्युटरवर नोंदी करायची नोकरी आहे असं सांगून एका दलालानं त्याला आणि पोखर्णीच्या हरिओमला नेलं, आणि नदी ओलांडून पलीकडच्या देशात, उंच भिंतींच्या आवारात नेऊन टाकलं. तिथं देशोदेशीची पोरं फोनवर बसवलेली. कुणी पोलीस व्हायचं, कुणी कस्टमवाला, आणि भारतातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अटकेची भीती घालून त्यांची पुंजी उपसायची. नाही म्हटलं की मार.

पुढं दोन-तीन देशांच्या पोलिसांनी मिळून धाड घातली, आपल्या सरकारनं विमान पाठवलं आणि सुगत सुटला. हरिओम काही त्या विमानात नव्हता.

दिल्लीहून सुगतचा पहिला फोन आला तेव्हा तो नुसता रडत होता. फोन करणाऱ्यांवर इकडं गुन्हे दाखल होतात, असं बबितानं ऐकलं होतं. तिनं हळूच सांगितलं, "तुमी भटारखान्यात व्हते. समद्यायचं जेवण करायचे. बास."

तेच जबाबात लिहिलं गेलं, तेच गावात पसरलं, आणि नवरा घरी आला.

पण खोटं घरात राहायला आलं की त्यालाही रोज जेवू घालावं लागतं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदान ठरलं, तेव्हा समितीचे धम्मानंदकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्याकडं विलायती आचारी असताना बाहेरचा कशाला आणायचा?" पोरं हसली. सुगतच्या हातात मोठा पळा आला. बबिता वेलदोडे सोलायचं निमित्त करून पातेल्याशेजारी बसली आणि मान खाली घालून, आता साखर टाका, आता जाळ कमी करा, असं पुटपुटत राहिली. खीर चांगली झाली, हेच वाईट झालं. मग कुणाच्या बारशाची भाजी आली, कुणाच्या साखरपुड्याचा भात आला. नाही म्हणायची सोय नव्हती. तिकडं परक्यांना रांधून घातलंस आणि आमच्यापुढं भाव खातोस होय, असं लोक म्हणायचे. एरवी सुगत भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. फोन वाजला की दचकायचा. घरातले सगळे फोन बबिताच घ्यायची.

असाच एक फोन परभणीहून, सायबर पोलिसांच्या राजेश्री मॅडमचा आला. त्या आवाराचा एक म्होरक्या तिकडच्या कोर्टापुढं उभा होता. त्याला ओळखणारा, फोनच्या हॉलमध्ये बसलेला साक्षीदार त्या देशानं आपल्या सरकारकडं मागितला होता. बबिता म्हणाली, आमचे भटारखान्यात होते. मग त्यांचा उपयोग नाही, असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला. बबिताला हायसं वाटलं.

सुगतला तिनं हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "त्यानंच नेलंय हरिओमला."

धाडीच्या आदल्या दिवशी हॉलमधून हरिओमला उठवून गाडीत घालताना सुगतनं पाहिलं होतं. कुठं नेणार, तेही कानावर पडलं होतं. पण भटारखान्यातल्या माणसाला हे कसं ठाऊक असणार?

आणि त्याच आठवड्यात हरिओमची आई, धुरपताबाई, पोखर्णीहून आली. पिशवीत घरची तुरीची डाळ. पाणी प्यायली, सुगतच्या पाठीवरून हात फिरवला.

"लेकरा, तुझ्याच हातचं खात व्हता की माझा हरिओम. पोटभर जेवायचा का? त्याला वांगं चालत न्हाई. काय घालायचास तू त्याला?"

बबिता पुढं झाली. तिच्याजवळ उत्तर तयार होतं. भात, बटाटा, काहीबाही. सुगतनं हातानं तिला थांबवलं.

"मावशी, म्या तिथं एक दिस बी रांधलं न्हाई. आमी दोघं बाजूबाजूला बसून फोन करायचो. पोलीस व्हायचो. लोकायला भ्या दाखवून लुटायचो. एक म्हातारी रडता रडता मला म्हनली, साहेब, तुमचा आवाज बसलाय, पानी प्या. तरी म्या थांबलो न्हाई. हरिओमला कुठं नेलं ते मला ठावं हाय, पन ते सांगायचं तर हे बी सांगावं लागतंय."

धुरपताबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. पोरगं उपाशी असेल, एवढंच दुःख घेऊन ती आली होती. आता त्याला सोडवायचं तर आधी त्याला चोर म्हणायचं होतं. ही उठून निघून जावी, असं बबिताला मनापासून वाटलं.

"हे पोलिसाला सांगितलं तर तुला धरत्याल?"

"धरत्याल बी."

"आन त्याला?"

"आला तर त्याला बी."

"मग येऊ दे की," धुरपताबाई म्हणाली. "परभनीच्या जेलात भेटायला तरी जाता येतं. तिकडं कुठं जाऊ म्या?"

दुसऱ्या दिवशी तिघं परभणीला गेली. आधीचा जबाब खोटा होता म्हटल्यावर राजेश्री मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि बबिताकडं एकदा नीट पाहिलं. साक्षीदार की आरोपी, ते वरून ठरेल, म्हणाल्या. तोवर पासपोर्ट जमा करायचा, जिल्हा सोडायचा नाही. मग दोघींना बाहेर बसवलं आणि सुगतला सांगितलं, नेमकं कसं बोलायचात ते बोलून दाखवा, रेकॉर्ड करायचंय.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला. भरदार, थंड, साहेबी हिंदी. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला कळवलंत तर याद राखा, असं तो कुणाला तरी दरडावत होता. एकदाही अडखळत नव्हता.

धुरपताबाई बाकड्यावर बबिताला चिकटली. "ह्यो कोन बोलायलाय गं आत?"

पदर सावरून बबिता नीट बसली.

"आमचेच हायेत, मावशी," ती म्हणाली आणि आतला आवाज थांबायची वाट बघत राहिली.