रोडाचं राहिलेलं गाणं

टिकोपिया बेटावर माणूस बोटीवर चढायला निघाला की त्याला मेल्यासारखं रडतात. एवढा समुद्र, बोट वर्षातून दोन-तीनदा येणार. कोण परत दिसेल याचा काय भरवसा? म्हणून जाणाऱ्याच्या तोंडावर, किनाऱ्यावरच, गाण्यातून रडून घ्यायचं. आणि ती गाणी रचावीत नाउ तारोआनंच. बाई जिभेची तिखट, सुपारी चघळत साऱ्या गावाची उणीदुणी काढायची. पण गायला लागली की दगडाला पाझर फुटायचा.

तिची एकुलती एक लेक रोडा शिक्षिका व्हायला राजधानीला, होनिआराला निघाली, तेव्हा नाउ महिनाभर गाणं जुळवत होती. आदल्या दिवशी पोरीनं बजावलं, "आई, बोटीवर बाहेरची मुलं असतात. तू गळा काढलास तर मला वर्षभर चिडवतील. नाताळला येतेच आहे ना मी."

लेकीपुढं कुणाचं चाललंय? नाउनं गाणं गिळलं. कपाळाला हळद लावली, नाकाला नाक टेकवलं आणि नीट जा म्हणाली. गावच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. ही कसली आई!

नाताळआधीच वायरलेसवर निरोप आला. ताप आला, पोर गेली, तिकडंच पुरली. इकडं रिकाम्या चटया अंथरून गावानं शोक केला. नाउ कोरडीच बसून राहिली. जाणाऱ्याचं गाणंच घशात अडकलंय, मेलेल्याचं कुठून येणार, असं तिनं नवऱ्याला, पा तारोआला सांगितलं. त्यानंतर सहा वर्षं ती कुणासाठीच गायली नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, गळा बसलाय.

मग एक शिडाची बोट आली. लांबच्या देशातले नवराबायको आणि त्यांची लेक मारित, रोडा गेली तेव्हा होती त्याच वयाची. पंधरा दिवस ती पोर नाउच्या चुलीपाशी बसून होती. अळूसारखा तारोचा कंद सोलताना अर्धा फुकट घालवायची. नाउ तिला बिनकामाची म्हणायची आणि नारळाच्या दुधातला सगळ्यात मऊ तुकडा तिच्याच पुढं सरकवायची.

निघायच्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर रडत होतं. नाउ पुढं झाली, मारितच्या कपाळाला हळद लावली, मनगट हातात घेतलं आणि गायला लागली. दोन ओळींतच बायका गप्प झाल्या. गाण्यात पोटची पोर होती, पाहुणी नव्हती. महिनाभर घरात ऐकलेल्या त्या ओळी पा तारोआनं ओळखल्या.

मारितला शब्द कळत नव्हते, पण तिचे डोळे वाहायला लागले. शिकलेलं मोडकंतोडकं जुळवून ती म्हणाली, "रडू नका. मी परत येते."

नाउनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "तेवढं नको म्हणूस, बाळा. या खेपेला मला पुरतं गाऊ दे."

आणि तिनं ते शेवटच्या ओळीपर्यंत गायलं.

शीड दिसेनासं झालं, बायका पांगल्या, तरी नाउ हलेना. पा तारोआनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आता तरी मोकळं वाटलं का, म्हणून विचारलं.

"मोकळं कसलं," ती म्हणाली. "तिचं माझ्याजवळ तेवढंच होतं. तेही आज दुसऱ्याच्या लेकीला देऊन बसले."